रँक-एलची वायल मागवण्याआधी

रँक-एल हे हाडांच्या पेशींवरच्या प्रयोगांना लागणारं प्रथिन, छोट्या कुपीत म्हणजे वायलमध्ये पावडर म्हणून येतं. ते नवतप्यात मागवू नका, हे सगळ्यात आधी. २५ मेच्या आसपास इकडं पारा ४५ च्या वर असतो. शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवारी कुरिअरवाल्याच्या टिनाच्या शेडमध्ये अडकलं की सोमवारपर्यंत तिथंच. पावडर तशी चिवट असते, एकदोन दिवसांच्या गरमीनं लगेच खराब होत नाही. पण झाली की नाही हे बघून कळत नाही, पेशी आठवड्याभरानं सांगतात. म्हणून दिवाळीनंतर मागवा, आणि माल सोमवारीच पाठवा असं लिहूनच घ्या.

ऑर्डर देताना 'मानवी, रिकॉम्बिनंट, सोल्युबल' हे तीन शब्द तपासा. रिकॉम्बिनंट म्हणजे जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं, सोल्युबल म्हणजे विरघळणारं. हे प्रथिन बहुतेकदा ई. कोलाय जिवाणूत बनवतात, म्हणून एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूच्या कवचातल्या विषारी अंशाचा, आकडा बघणं भाग आहे. मायक्रोग्रॅममागे १ युनिटच्या आत असेल तर बरं. रँक-एल हाडं झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार करवतं, तसंच प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी आणि डेंड्रायटिक पेशींमधला निरोपही पोचवतं. १९९७-९८ मध्ये हाडांवर आणि प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या वेगवेगळ्या गटांना ते वेगवेगळ्या वाटेनं सापडलं, म्हणून जुन्या पेपरांत ट्रान्स, ओडीएफ, ओपीजी-एल अशी नावं दिसतील. सगळं एकच. जिवाणूचा कचरा सोबत आला तर त्यालाही प्रतिकार पेशी उत्तर देतात, आणि मग कोणाचं काम कोणाच्या नावावर मांडता?

आता फ्रीजर. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज चालणार नाही, बर्फ वितळवायला तो मधूनमधून स्वतःच गरम होतो. आमच्याकडं एकदा रात्रभर लाइन गेली. इन्व्हर्टर होता, पण त्यावर ऑफिसचे पंखे जोडलेले. सकाळी भाऊंनी दार उघडलं तर खाली पाणी. तेव्हापासून फ्रीजरच्या प्लगवर लाल पट्टी आहे आणि लाइन गेली की पहिला फोन भाऊच करतात. तुमच्याकडचे भाऊ कोण, हे वायल यायच्या आधी ठरवा.

वायल आली की उघडायची घाई नको. १० मायक्रोग्रॅम म्हणजे डोळ्याला जवळजवळ काहीच नाही. पावडर झाकणाला चिकटलेली असू शकते, म्हणून आधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडं फिरवून खाली बसवा. सोबतच्या कागदावर जे द्रावण सांगितलं असेल तेच घ्या. १०० मायक्रोलिटर घातलं की मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम होतं. व्होर्टेक्स करू नका, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळू नका, हलक्या हातानं फिरवा. पातळ प्रथिन प्लॅस्टिकला चिकटून बसतं, त्यासाठी ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) लागतं, ते आधीच गाळून ठेवा.

मग दहा छोट्या ट्यूब, प्रत्येकीत १० मायक्रोलिटर. एका ट्यूबमध्ये १ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या हिशेबानं २० मिलिलिटर मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण). ९६ खणांच्या प्लेटला खणामागे २०० मायक्रोलिटर धरले तर १९.२ मिलिलिटर लागतं. एक ट्यूब, एक प्लेट, एक वेळ. दोनतीन दिवसांनी मीडियम बदलताना नवी ट्यूब काढा. उरलेलं पुन्हा गोठवायचा मोह होईल, आपल्याकडं काही टाकवत नाही, पण इथं टाका. ट्यूबवर मार्करनं लिहिलेलं स्पिरिटनं पुसलं जातं, चिकटपट्टीवर पेन्सिलनं लिहा.

पेशींची तयारी वेगळी. आरएडब्ल्यू २६४.७ या उंदराच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना एकटं रँक-एल पुरतं. रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना मात्र एम-सीएसएफ हे त्यांना वाढवणारं प्रथिनही लागतं आणि दिवसही जास्त. सिकलसेल इकडं घरोघरी ऐकू येतो आणि त्यात हाडंही बिघडतात, त्यामुळं रुग्णांचं रक्त घेऊन बघावं असं कोणालाही वाटेल. एथिक्स कमिटीचा कागद आणि मराठीतलं संमतिपत्र हातात येईपर्यंत सुईला हात लावू नका. याला ऑर्डरपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी टाका.

प्लेटवर तीन रांगा राखून ठेवा. एक रँक-एलशिवाय, एक रँक-एलसह, आणि एक रँक-एलसोबत ओपीजी घातलेली. ओपीजी (ऑस्टिओप्रोटेगेरिन) हे प्रथिन रँक-एलला आधीच पकडतं, त्यामुळं तिथं ट्रॅप या ऑस्टिओक्लास्टच्या एन्झाइमच्या चाचणीत लाल होणाऱ्या, तीन किंवा जास्त केंद्रकांच्या पेशी दिसायला नकोत. दिसल्या तर वायलला दोष देण्याआधी मीडियमची बाटली तपासा.