कौन्सिलचा फ्लॅट घेताना: आधी छप्पर, मग फॉर्म

दर दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलापाशी कुणीतरी मला गाठतंच. "ताई, आम्हीपण कौन्सिलचं घर विकत घ्यायचं म्हणतोय. फॉर्म कसा भरायचा?" फॉर्म हे अर्ध्या तासाचं काम आहे. त्याआधीच्या दोन महिन्यांत काय करायचं ते मात्र कुणी विचारत नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. आम्ही 2018 मध्ये पूर्व लंडनमधला आमचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट 'राइट टू बाय'खाली, म्हणजे कौन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) भाडेकरूला राहतं घर सवलतीत विकत घेऊ देणाऱ्या योजनेखाली, घेतला. जे चुकलं ते छपराने शिकवलं, त्याकडे येतेच.

सगळ्यात आधी, तुम्ही इंग्लंडमध्ये राहता ना? स्कॉटलंडने ही योजना 2016 मध्ये बंद केली, वेल्सने जानेवारी 2019 मध्ये. कार्डिफच्या मावसभावाला सरळ नाही म्हणून सांगा. इंग्लंडमध्ये थॅचरबाईंच्या सरकारने 1980 च्या कायद्याने दिलेला हा हक्क अजून आहे, पण त्यातलं लोणी गेलं. 20 नोव्हेंबर 2024 पर्यंत लंडनमध्ये जास्तीत जास्त 1,36,400 पौंडांची सवलत मिळायची. दुसऱ्या दिवसापासून ती बहुतेक लंडनमध्ये 16,000 वर आली, आणि बाकी इंग्लंडमध्ये भागाप्रमाणे 16,000 ते 38,000 च्या दरम्यान. फ्लॅटला पन्नास टक्के, सत्तर टक्के असं लोक अजून एकमेकांना सांगतात. टक्के कागदावर आहेत, पण पौंडांची मर्यादा आधी आडवी येते. तीन लाखांच्या फ्लॅटवर सोळा हजार म्हणजे जेमतेम सव्वापाच टक्के. त्यातही तीन वर्षांच्या भाडेकरूपणाची अट दहा वर्षांवर न्यायची आणि सवलत 5 ते 15 टक्क्यांत ठेवायची, असं सरकारने जुलै 2025 मध्ये जाहीर केलंय. त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा त्या दिवसाचा नियम वाचा. दिवाळीत ऐकलेला नको.

वर्षं मोजताना सलग असायची गरज नाही. दुसऱ्या कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या (भाड्याने घरं देणाऱ्या ना-नफा संस्थेच्या) घरातली वर्षंही धरतात, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावरची टेनन्सीही (भाडेकरारही) धरता येते. (एका काकांनी माटुंग्याच्या रेल्वे क्वार्टरमधली अकरा वर्षं लिहिली होती. ती धरत नाहीत.) घर कौन्सिलचं नसून हाउसिंग असोसिएशनचं असेल तर बहुधा तुमचा हक्क वेगळा, 'राइट टू अक्वायर', आणि त्यात सवलत 9,000 ते 16,000. भाडं थकलेलं असेल तर आधी ते फेडा. मागितलेलं भाडं चार आठवडे भरलं नाही तरी कौन्सिल शेवटच्या सह्या अडवू शकते.

मग नावं. हे आपल्या लोकांचं खास दुखणं. टेनन्सीवर माझं नाव माहेरचं, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे घालून सासरचं, आणि गॅसच्या बिलावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. आपल्याकडे यात काही विशेष नाही, पण इथल्या सॉलिसिटरला, म्हणजे घराचे कागद बघणाऱ्या वकिलाला, त्या तीन वेगवेगळ्या बायका दिसतात. लग्नाचा दाखला, नाव बदलल्याचं गॅझेट, जुना पासपोर्ट, जे असेल ते काढून ठेवा, दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतरही. आमचे दोन आठवडे यातच गेले. कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते, आणि लग्नाचा दाखला पिंपरीला सासूबाईंच्या कपाटात.

भारतातल्या घराचा विषय आत्ताच काढा, कारण तो नंतर निघाला तर महागात पडतो. पूर्वी कधीही घर विकत न घेतलेल्याला 3 लाख पौंडांपर्यंतच्या घरावर स्टॅम्प ड्युटी शून्य आहे. मात्र 'पूर्वी कधीही' यात जग सगळं येतं, आणि वारसाने आलेलं घरही येतं. वर, जगात कुठेही तुमच्या किंवा नवरा-बायकोपैकी कुणाच्याही नावावर 40,000 पौंडांचं, म्हणजे साधारण 45-50 लाख रुपयांचं, किंवा त्याहून जास्तीचं घर असेल तर 5 टक्के जादा ड्युटी लागते. डोंबिवलीतला एक वन बीएचके त्याला पुरेसा आहे. हिशेब करून बघा: तीन लाखांचा फ्लॅट सोळा हजार सवलतीने 2,84,000 ला पडला. नेहमीची ड्युटी 4,200, जादा 14,200, एकूण 18,400. सरकारने एका हाताने सोळा हजार दिले आणि दुसऱ्याने त्याहून जास्त काढून घेतले. वडिलोपार्जित घरात भावंडांबरोबर हिस्सा असेल तर नियम आणखी बारीक होतात, तेव्हा तो हिस्सा पहिल्याच भेटीत सॉलिसिटरसमोर ठेवा. लपवू नका.

डिपॉझिटचे पैसे गावाकडून येणार असतील तर त्यांची वाट मागच्या टोकापर्यंत दाखवता आली पाहिजे. घर विकलं असेल तर विक्रीखत, भारतातल्या बँकेचं स्टेटमेंट, कराचे कागद, पैसे पाठवल्याची पावती. बाबांनी दिले असतील तर बक्षीस म्हणून दिले आणि घरात माझा हक्क नाही, असं त्यांच्या सहीचं पत्र. "थोडे मामांनी कॅश दिले" हे वाक्य इथे उच्चारू नये. काही बँका सवलतीचीच रक्कम डिपॉझिट म्हणून धरतात, पण सोळा हजारांत ती क्वचितच पुरते.

बँकेला तुमच्या पगाराइतकाच इमारतीचाही प्रश्न असतो. 1968 मध्ये कॅनिंग टाउनमधल्या रोनन पॉइंट या 22 मजली कौन्सिल टॉवरचा एक कोपरा गॅसच्या स्फोटाने पत्त्यांसारखा कोसळला. त्या पद्धतीच्या, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती जोडून बांधलेल्या इमारतींवर बँका आजही सहजासहजी कर्ज देत नाहीत. उंच मजला, गॅलरीतून सगळ्यांचा रस्ता, 2017 च्या लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर संशयात आलेलं क्लॅडिंग (भिंतींवरचं बाहेरचं आवरण), ही बाकीची कारणं. ब्रोकरला इमारतीचं नाव आणि मजला सांगून आधी विचारा. कौन्सिलच्या अर्जाला पैसे लागत नाहीत, घर तपासणाऱ्या सर्व्हेयरला लागतात.

फॉर्म म्हणजे आरटीबी 1. त्यात एक रकाना लोक रिकामा सोडतात: तुम्ही स्वतःच्या खर्चाने केलेल्या सुधारणा. नवं किचन, बाथरूमच्या टाइल्स, लाकडी फ्लोअरिंग, जे काही केलंत ते लिहा आणि बिलं जोडा, कारण किंमत ठरवताना ते धरायचं नसतं. नाहीतर स्वतः बसवलेल्या ओट्याचे पैसे दुसऱ्यांदा द्याल. अर्जात घरातल्या तीन जणांपर्यंत नातेवाईक घेता येतात, ते वर्षभर तुमच्याकडे राहत असतील तर. मोठ्या मुलाला पगारासाठी सोबत घेताना एवढं लक्षात ठेवा की त्याचा 'पहिलं घर' हा फायदा इथेच संपतो.

फॉर्म दिला की घड्याळं चालू होतात. हो की नाही ते चार आठवड्यांत कळवायचं (या कौन्सिलकडे तीन वर्षं झाली नसतील तर आठ), मग घरासाठी आठ आणि फ्लॅटसाठी बारा आठवड्यांत ऑफर नोटीस. कौन्सिलने उशीर केला तर आरटीबी 6 आणि मग आरटीबी 8 या उशिराच्या नोटिशी पाठवा. त्यानंतर वाट बघताना भरलेलं भाडं किमतीतून वजा होऊ शकतं. तारखा कॅलेंडरवर पेनाने लिहा. किंमत जास्त वाटली तर तीन महिन्यांत सरकारी मूल्यमापकाकडे जाता येतं, पण तो वरही नेऊ शकतो आणि त्याचा शब्द शेवटचा.

आता ती ऑफर नोटीस. लोक पहिलं पान बघतात: किंमत, सवलत, बाकी. आम्हीही तेवढंच पाहिलं. आमच्या नोटिशीत सातव्या पानावर तक्ता होता: लिफ्ट, जिन्यातले दिवे, सफाई, पाण्याची टाकी, आणि प्रत्येकापुढे पुढच्या पाच वर्षांतला आमचा वाटा. छपरापुढे आडवी रेघ. कायदा असा की पहिली पाच वर्षं कौन्सिलला त्या तक्त्यात नसलेल्या दुरुस्तीचे पैसे मागता येत नाहीत, आणि असलेल्याचेही महागाई सोडून जास्त नाहीत. रेघ म्हणजे शून्य, असं म्हणून आम्ही पेढे वाटले. पाच वर्षं होऊन चार महिने झाले आणि तपकिरी पाकीट आलं. पूर्ण छप्पर नवीन, आमचा वाटा 11,400 पौंड. कौन्सिलने बेकायदा काहीच केलं नव्हतं. रेघेचा अर्थ 'लागणार नाही' असा नव्हता, 'पाच वर्षांत नाही' एवढाच होता. आणि आम्हाला तेव्हा लाखाच्या वर सवलत मिळाली होती म्हणून ते सोसलं. सोळा हजारांत ते बसत नाही.

म्हणून नोटीस यायच्या आधीच इमेलने, लेखी विचारा: छप्पर शेवटचं कधी झालं, लिफ्ट किती वर्षांची, खिडक्या कधीच्या, पुढच्या दहा वर्षांच्या कामांच्या यादीत ही इमारत आहे का. मग इमारतीत आधी घर घेतलेल्या एखाद्याची बेल वाजवा, चहाचं निमित्त काढा आणि मागच्या तीन वर्षांची सर्व्हिस चार्जची, म्हणजे इमारतीच्या देखभालीची, बिलं बघायला मागा. मोठ्या कामात एकाच्या वाट्याला 250 पौंडांहून जास्त येणार असतील तर कौन्सिलला आधी पत्र पाठवून मत विचारावं लागतं. तसं पत्र शेजाऱ्याकडे पडलं असेल तर तुमच्यासाठी ते सोनं. वरच्या मजल्यावर जाऊन जिन्याच्या छताला ओल आहे का ते बघा, मी तेव्हा एकदाही गेले नव्हते. इमारत पाच मजली किंवा 11 मीटरच्या वर असेल तर आगीच्या सुरक्षेच्या कामांबद्दल वेगळं विचारा, कारण 2022 च्या कायद्याने फ्लॅटमालकांना दिलेलं संरक्षण 14 फेब्रुवारी 2022 पासूनच्या नव्या लीजला (फ्लॅट ठरावीक वर्षांसाठी देणाऱ्या कराराला) सहसा मिळत नाही, आणि तुमची लीज नवीच असणार. ती बहुधा 125 वर्षांची असते. पूर्वी वर्षाला दहा पौंड जमीनभाडं असायचं, 30 जून 2022 पासूनच्या नव्या लीजला सहसा तेही नाही. ते बघून कुणी हुरळू नये. आपल्याकडे सोसायटीच्या एजीएममध्ये निदान भांडता तरी येतं, इथे मत विचारतात आणि मग काम करतात.

कौन्सिलने आम्हाला घर विकलं तेव्हा कौन्सिलच्या घरासाठी वेटिंग लिस्टवर असलेल्या कुणाचं तरी एक घर कमी झालं, हे मला ठाऊक आहे. आम्ही स्वतः त्या यादीत सात वर्षं होतो. तरी घेतलं. ज्याने त्याने आपलं ठरवावं, पण हे न बोलता घ्यायला मला जमत नाही.

विकायचा बेत असेल तर तोही आत्ताच उघड करा, निदान स्वतःशी. पाच वर्षांच्या आत विकलं तर सवलत परत: पहिल्या वर्षी सगळी, मग 80, 60, 40, 20 टक्के, आणि तीही विकतानाच्या किमतीवर मोजून. तीन लाखांचा फ्लॅट तिसऱ्या वर्षी 3,30,000 ला गेला तर 10,560 पौंड परत. दहा वर्षांपर्यंत आधी कौन्सिलला विचारावं लागतं. "पैसे आम्ही घालतो, पाच वर्षांनी घर आमच्या नावावर करा" म्हणणारे दारावर येतात. तसा करार केला त्या दिवशीच विक्री झाली असं धरतात.

घर घेतलं की हाउसिंग बेनिफिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीतला भाड्याचा भाग बंद होतो, ते महिन्याच्या हिशेबात आधीच वजा करा.

शेवटच्या सह्यांच्या दिवशी नवी किल्ली वगैरे मिळत नाही. तेच दार, तीच किल्ली. आमचा स्वयंपाकघरातला नळ नवव्या दिवशी गळायला लागला. सवयीने कौन्सिलच्या दुरुस्तीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईने पत्ता टाकला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तुम्ही आता लीजहोल्डर आहात." प्लंबर शनिवारी आला आणि 140 पौंड घेऊन गेला. चांगल्या प्लंबरचा नंबर आधीच मिळवून फ्रिजवर लावून ठेवा.