वॉचमनदादांचा पगार नेपाळला पाठवायचा तर

मुंबईत कितीतरी सोसायट्यांची गेटं नेपाळी माणसं सांभाळतात. अछाम, बझांग, डोटी, कैलाली अशा पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतून आलेली. पगार झाला की तो घरी पोचवायचा असतो. ‘परदेशात पैसे पाठवायचे म्हणजे फार लफडी’ असं कुणीतरी कानावर घालतं आणि सगळी रक्कम हुंडीवाल्याच्या, म्हणजे बँकेबाहेर पैसे पोचवणाऱ्या दलालाच्या, हातात जाते. मी बँकेतून निवृत्त झाले, आता मुलुंडला आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, म्हणून ठामपणे सांगते: नेपाळपुरती ही भीती अनाठायी आहे. सरळ रस्ता आहे, आणि त्यासाठी लागणारा एक महत्त्वाचा कागद आपणच देऊ शकतो.

लफडी असतात ती डॉलरच्या व्यवहारात. फेमा या परकीय चलनाच्या १९९९च्या कायद्याप्रमाणे परकीय चलन अधिकृत बँकेकडून किंवा डीलरकडूनच घ्यावं लागतं. तिथे ए-२ फॉर्म, पैसे कशासाठी जाताहेत त्याचा कोड, पॅन हे सगळं आलं. भारतात राहणाऱ्याला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि भेट किंवा गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनेच आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. ठरावीक कामासाठी तीन वर्षांपर्यंत इथे आलेला परदेशी इंजिनीअर कर आणि पीएफ वजा जाता उरलेला पगार मायदेशी पाठवू शकतो. पाकिस्तानी नागरिकांना मात्र ही सवलत नाही.

नेपाळचं तसं नाही. तिथले व्यवहार रुपयात करायला परवानगी आहे, आणि १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. १०,००० पाठवले तर १६,००० व्हायला हवेत. शुल्क काय लागेल ते आधी विचारून घ्या. दरातच कुणी कापत असेल तर तो गुणाकार तिथल्या तिथे करून दाखवा.

रस्त्याचं नाव इंडो-नेपाळ रेमिटन्स. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये नेपाळी कामगारांसाठीच तो एनईएफटीवर, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या सोयीवर, सुरू केला. एनईएफटी असलेल्या कुठल्याही शाखेतून पैसे निघतात, स्टेट बँकेमार्फत नेपाळ एसबीआय बँकेकडे जातात. तिथे खातं असेल तर खात्यात, नसेल तर अधिकृत मनी ट्रान्सफर कंपनीकडून रोख. काउंटरवरच्या मुलाला ही सोय माहीत नसण्याची शक्यता आहे. वाद घालू नका, मॅनेजरकडे जा आणि ‘एनईएफटीखालची इंडो-नेपाळ योजना’ असंच म्हणा.

आता मर्यादा, कारण खरी अडचण इथेच येते. १ ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून एका वेळी २ लाखांपर्यंत पाठवता येतात, वर्षात किती वेळा याला बंधन नाही. खातं नसलेल्याने रोख भरली तर एका वेळी ५०,००० आणि वर्षात बाराच वेळा. दरमहा एकदा पाठवणाऱ्याचे बारा तिथेच संपतात. दसैंच्या, म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या, खरेदीला, कुणाच्या आजारपणाला तेराव्यांदा पाठवायचं तर काय? म्हणून माझा आग्रह आहे की आधी त्यांचं खातं उघडून द्या, भले त्यात दोन चकरा जास्त होवोत.

खातं उघडेपर्यंत रोख भरायची तर ओळख लागते. पासपोर्ट, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स यांबरोबर मालकाने दिलेलं फोटोसह ओळखपत्रही त्यात धरलेलं आहे. हाच आपल्या हातातला कागद. सोसायटीच्या लेटरहेडवर एवढं पुरे: ‘श्री. अमुक, वडिलांचे नाव, नेपाळमधला जिल्हा, नागरिकता क्रमांक, हे आमच्याकडे अमुक तारखेपासून वॉचमन म्हणून काम करतात आणि आवारातच राहतात.’ खाली सेक्रेटरीची सही, बाजूला फोटो, शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर. वॉचमन सिक्युरिटी एजन्सीचे असतील तर मालक एजन्सी आहे, पत्र त्यांच्याकडूनच घ्या.

नाव नागरिकतेवर, म्हणजे त्यांच्या नेपाळी नागरिकत्वाच्या दाखल्यावर, आहे तसंच हवं. हजेरीच्या वहीत सगळे ‘बहादूर’ लिहून मोकळे होतात, हे मला अजिबात पटत नाही. माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी, आणि इथे तर नाव जुळलं नाही की फॉर्म परत येतो. नागरिकता देवनागरीत असते, त्यामुळे आपल्याला सहज वाचता येते. जन्मसाल २०४५ दिसलं तर गोंधळू नका, ते विक्रम संवत आहे. वैशाख ते पौषाच्या मध्यापर्यंतचा जन्म असेल तर ५७ वजा करा, त्यानंतरचा असेल तर ५६. म्हणजे २०४५ भदौ हे १९८८, आणि २०४५ फागुन हे १९८९.

ज्यांना पैसे मिळणार त्यांचं नाव, मोबाईल, जिल्हा, पालिका आणि वॉर्ड नंबर फोनवरून नीट लिहून घ्या. २०१७ पासून तिथे नव्या पालिका झाल्या आहेत, जुन्या गाविसचं, म्हणजे गाव विकास समितीचं, नाव चालवू नका. तिथलं खातं शक्यतो वहिनींच्या, म्हणजे वॉचमनदादांच्या बायकोच्या, स्वतःच्या नावावर असू द्या. दिराच्या नावावर पैसे गेले की घरात कुरबुरी सुरू होतात.

हुंडीबद्दल. ती फेमाच्या विरुद्ध आहे, दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. पण मला जास्त टोचतं ते हे, की पैसे बुडाले तर दाद मागायला हातात चिठ्ठीही नसते. सगळी रोकड अंगावर घेऊन बनबसाच्या सीमेवरच्या नाक्याने जाणंही बरं नाही. १०० रुपयांपेक्षा मोठ्या नोटा नेपाळला नेण्यावर आपल्याकडे २५,००० रुपयांची मर्यादा आहे.

बँकेतून निघण्यापूर्वी पावतीवरचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा, नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये टिपून द्या आणि पावतीचा फोटो काढा, शाई महिन्याभरात उडते. पैसे पोचले नाहीत तर या नंबरासह शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. तो अर्ज कुणीतरी आपल्यापैकी बसून भरून द्यावा.