एलियस लावायचा तर तो स्लॅश विसरू नका

जावास्क्रिप्टमध्ये दुसरी फाइल बोलावणाऱ्या इम्पोर्टच्या ओळीत '../../../' (तीन फोल्डर मागे जा) दिसलं की माझा हात थांबतो. पाहुण्याला "तीन वळणं मागे या, मग उजवीकडे" असं सांगण्यातला हा प्रकार. आपण जागा बदलली की पत्ता चुकलाच. नाशकात आपण सरळ "रविवार कारंजा" सांगतो. एलियस म्हणजे फोल्डरच्या पाथला दिलेलं असंच एक ठरलेलं टोपणनाव, त्याचं काम तेवढंच.

वीट या बिल्ड टूलच्या कॉन्फिगमध्ये 'रिझॉल्व्ह'च्या आत 'एलियस' लिहा आणि @ या टोपणनावाला एसआरसी (src) या आपल्या कोडच्या फोल्डरचा पूर्ण पाथ द्या. अर्धा पाथ चालत नाही, वीट तो जसाच्या तसा वापरतं. मग टाइपस्क्रिप्टच्या टीएसकॉन्फिग (tsconfig) या सेटिंग फाइलच्या 'पाथ्स'मध्ये @/* ची नोंद करा. ही नोंद फक्त टाइप तपासण्यासाठी असते. टाइपस्क्रिप्टचा कंपाइलर इम्पोर्टची ओळ बदलून देत नाही, म्हणून "टीएसकॉन्फिगमध्ये लिहिलं की झालं" हा सल्ला ऐकू नका.

खरी गोची टेस्ट चालवणाऱ्या जेस्ट या टूलमध्ये. जेस्ट वीटचं कॉन्फिग वाचत नाही, त्याला 'मॉड्यूल नेम मॅपर'मध्ये वेगळं सांगावं लागतं आणि तेही रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणाऱ्या खुणांमध्ये. दिंडोरीच्या एका द्राक्ष पॅकहाउससाठी स्क्रीन करताना मी कुठूनतरी उचललेली ओळ चिकटवली: ^@(.*)$. आमच्या सगळ्या फाइल्स सापडल्या, पण टेस्टिंग लायब्ररी हे बाहेरून घेतलेलं पॅकेज सापडेना. मी नोड मॉड्यूल्स (इन्स्टॉल केलेली पॅकेजेस) तीनदा पुसून पुन्हा इन्स्टॉल केले, अख्खी संध्याकाळ गेली.

कारण एररमध्येच छापलेलं होतं: "मॅप्ड ॲज", आणि पुढे आमच्याच एसआरसीचा पाथ! त्या पॅकेजचं नावही @ ने सुरू होतं. माझ्या रेजेक्सने तेही पकडून आमच्या फोल्डरात ढकललं होतं. वीटमध्ये असं होत नाही, कारण तिथे साधा @ फक्त नुसत्या @ ला किंवा @/ ने सुरू होणाऱ्या नावाला लागतो. रेजेक्सला मात्र सीमा आपणच आखून द्यायची: ^@/(.*)$. एका स्लॅशचा फरक. असा एरर आला की इन्स्टॉलच्या मागे लागण्याआधी 'मॅप्ड ॲज'नंतरची ओळ वाचा.

नवा प्रोजेक्ट असेल तर माझं मत स्पष्ट आहे: जेस्टऐवजी वीटेस्ट घ्या. ते वीटचंच कॉन्फिग वाचतं, एलियस दुसऱ्यांदा लिहावा लागत नाही.

एक राहिलं. फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर इम्पोर्टमध्ये तंतोतंत ठेवा. विंडोज त्यातली चूक सहसा चालवून घेतं. लिनक्स सर्व्हरवर बिल्ड तिथेच अडतो.