स्वयंपाकाच्या डेमोला जाण्याआधी

डेमो ठेवणारा काय विकतो, हे सगळ्यात आधी बघून ठेवा. भांडीवाला असेल तर पदार्थ तव्याला चिकटत नाही हे दाखवणारच. शेगड्या-ओव्हनची शोरूम असेल तर सगळं चुटकीसरशी होतंय असं दिसणार. रेस्टॉरंट असेल तर चव आणि मांडणी यांवर भर, आणि तेल-मसालेवाला असेल तर त्याची बाटली दर दोन मिनिटांनी पुढे येणार. यात गैर काही नाही. जागा, इंधन, सामान, आचारी सगळं त्याच्याच खर्चाने चाललेलं असतं, आणि शिकवणारा माणूस बहुधा हाताचा पक्का असतो. पण अशा कार्यक्रमात एक गोष्ट हमखास झाकली जाते, ती म्हणजे वेळ. भिजवलेलं, चिरलेलं, मोजून वाट्यांत भरलेलं सामान ओट्यावर मांडलेलं असतं आणि अर्ध्यावर "हे मी आधीच करून ठेवलंय" म्हणत दुसरं पातेलं वर येतं. पाककृतीचा कागद तर सगळ्यांनाच मिळतो. कागदात नसलेली ही वेळ आणि आच टिपायला आपण जातोय, असं धरून तयारीला लागा.

नाव नोंदवताना दोन-चार गोष्टी विचारून घ्या. नुसतं बघायचंय की हाताने करायचंय, चाखायला मिळणार का, लहान मुलं आणलेली चालतील का, पैसे भरायचे असतील तर ते खरेदीत वळते होतात का. पदार्थ कोणते, हेही विचारा आणि त्यातला एखादा डेमोच्या आधी घरी करून बघा. बिघडला तरी हरकत नाही, उलट बरंच. जिथे अडलात तो तुमचा प्रश्न तयार झाला. असा एक प्रश्न घेऊन गेलेला माणूस कोऱ्या मनाने गेलेल्यापेक्षा कितीतरी जास्त घेऊन येतो.

कुणाला ॲलर्जी असेल तर ती नोंदणीच्या वेळीच सांगायची, चाखायची वाटी हातात आल्यावर नाही. शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड, दूध, अंडी, गहू, सोया, तीळ, मासे, कोळंबी-खेकडे यांच्या ॲलर्जी जास्त आढळतात. "मला चालत नाही" असं मोघम बोललं तर समोरचा ते आवडनिवड समजतो. म्हणून ॲलर्जी हा शब्द वापरा आणि काय होतं तेही सांगा. डेमोत एकच डाव चार पातेल्यांत फिरतो, एकाच तेलात दोन पदार्थ तळले जातात, त्यामुळे "तुमच्या वाटीत ते घातलेलं नाही" हे उत्तर पुरेसं नसतं. मासे किंवा कोळंबी शिजताना निघणाऱ्या वाफेनेही काहींना त्रास होतो. अशांनी दाराजवळची खुर्ची पकडावी आणि आपलं औषध पिशवीत न ठेवता खिशात ठेवावं.

आता खरं काम, आणि ते घरच्या ओट्यावरचं आहे. तुम्ही रोज माप म्हणून वापरता ती वाटी घ्या, पाण्याने काठोकाठ भरा आणि ते पाणी मापाच्या भांड्यात ओता. किती मिलिलिटर भरलं ते लिहून ठेवा. डेमोत "एक कप" म्हणतील तो कुठल्या मापाचा, हे गावोगावी नाही तर देशोदेशी बदलतं: अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५०चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटर धरतात, ऑस्ट्रेलियात २०. चहाचा चमचा ५. पातळ पदार्थात एवढ्याने बिघडत नाही, पण पीठ फुगवायच्या पदार्थात हा फरक चांगलाच भोवतो. तिथे तर वजनच विचारावं. मग नेहमीच्या कढईचा तळ पट्टीने मोजा आणि त्याला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर ती इंडक्शनवर चालेल. ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या साध्या भांड्याला तो चिकटत नाही. तुमची शेगडी किती वॅटची किंवा बर्नर केवढा, तेही टिपा. दुकानातल्या शेगड्या अनेकदा घरच्यांपेक्षा दांडग्या असतात आणि त्यावरचं "मध्यम आच" म्हणजे आपल्याकडची मोठी आच असू शकते.

कपड्यांचं थोडक्यात. सुती, बाह्या घोळदार नसलेले, आणि हाताने करायचं असेल तर पाय झाकणारी चप्पल-बूट, केस बांधलेले. सिंथेटिक कापडावर गरम तेल उडालं तर ते वितळून कातडीला चिकटतं. अत्तर मात्र कृपा करून लावू नका. मसाला कच्चा आहे, भाजला गेलाय की करपायला लागलाय हे नाकालाच आधी कळतं, आणि शेजारच्याच्या सेंटमुळे अर्धी शिकवणी वाया गेलेली लोक बोलून दाखवत नाहीत इतकंच. जाताना पोट अर्धवट भरलेलं असू द्या. भुकेल्या माणसाला सगळंच उत्तम लागतं आणि तो खरेदीही सढळ हाताने करतो.

वेळेच्या आधी पोचलात तर जागा निवडता येते. पहिली रांग मानाची खरी, पण तिथून ओट्याचा कडा आणि पातेल्याची बाहेरची बाजूच दिसते. वर आरसा किंवा कॅमेरा नसेल तर थोडं उंचावर, बाजूला बसा. आचारी उजव्या हाताने काम करत असेल तर त्याच्या डाव्या अंगाला बसलेलं बरं, म्हणजे हात मध्ये येत नाही.

वही लहान, पण पेन्सिल हवीच. ओल्या हाताने पेन चालत नाही. साहित्य उतरवत बसू नका, ते छापील मिळतं. पानावर तीन रकाने आखा: घड्याळातली वेळ, आच, आणि काय दिसलं-ऐकू आलं. तिसरा रकाना सर्वात मोठा ठेवा. कांदा तेलात पडला की जो जोरात चर्रर्र आवाज येतो तो कांद्यातल्या पाण्याची वाफ होण्याचा. पाणी आहे तोवर कांद्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच घुटमळतं. आवाज बारीक झाला, पातेल्यात कडेने तेल दिसू लागलं की पाणी सरलं. तिथून तापमान चढतं आणि साधारण १४० अंशांपुढे तो झपाट्याने तांबूस व्हायला लागतो. तुम्ही लिहायचं ते एवढंच: "आवाज बसला, ११ वाजून २४". डेमोत हे लवकर होतं, कारण कांदा थोडा आणि पातेलं रुंद. घरी दुप्पट कांदा त्याच कढईत कोंबला की तो परतला न जाता स्वतःच्या पाण्यात उकडतो. कांदा मंद आचेवर गडद तपकिरी, गोडसर करायचा तर अर्धा-पाऊण तास सहज लागतो. "पाच मिनिटं परता" असं कुणी म्हणालं तर त्याचवेळी नम्रपणे हात वर करावा.

हात वर करण्याचीही वेळ असते. गरम तेल हातात असताना कुणाला प्रश्न विचारू नये. पातेलं खाली उतरलं, झाकण पडलं, की विचारा: आधी करून ठेवलेल्याला किती वेळ लागला होता? हे चौघांऐवजी दहाजणांसाठी करायचं तर काय बदलेल? माझ्या कढईचा तळ एवढा आहे, किती हप्त्यांत परतू? आदल्या रात्री काय करून ठेवता येतं, आणि काय अजिबात ठेवू नये?

फोन न्या, पण अख्खा कार्यक्रम चित्रित करू नका. तो व्हिडिओ नंतर कुणीही बघत नाही, आणि करताना आपणही बघत नाही. परवानगी विचारून मोजके फोटो घ्या: शेगडीचं बटण कुठवर फिरवलंय, चिरलेला तुकडा केवढा (शेजारी चमचा ठेवून), वापरलेल्या वस्तूचं लेबल.

विक्रीच्या भागाची तयारी घरूनच करून निघायची. किती खर्च करायचा, हा आकडा घरातल्या माणसाला सांगून या. स्टीलचा तवा दाखवताना हमखास एक खेळ होतो: तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकतात आणि तो पाऱ्यासारखा गोल होऊन पळतो. लोक थक्क होतात. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो म्हणून तो तरंगतो. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ साली याचं वर्णन केलं होतं, म्हणून परिणामाला त्याचं नाव आहे. यात तव्याचा गुण थोडा आणि तापमानाचा फार. तुमच्या घरच्या जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यातही थेंब तसाच पळेल. नॉन-स्टिक असेल तर विचारा की कितपत तापलेलं चालतं. टेफ्लॉनचा थर साधारण २६० अंशांपुढे खराब होऊ लागतो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तिथवर फार लवकर पोचतो. उपकरण असेल तर रबरी रिंग, पातं, झाकण हे सुटे भाग मिळतात का, दुरुस्ती कुठे होते, वॉरंटीत नेमकं काय बसतं हे विचारा. "सूट फक्त आजच" असं ऐकलं की एक रात्र जाऊ द्यावी. उद्या ती वस्तू लागतेय असं वाटलं तर उद्याही दुकान उघडंच असतं.

चाखताना स्वतःचा चमचा पुन्हा पातेल्यात घालू नका, आणि चव घेतली की मीठ-तेल आपल्यापेक्षा जास्त आहे का ते लगेच लिहा. डेमोतला हात बहुधा सढळ असतो. काही घरी न्यायला देणार असतील तर घट्ट झाकणाचा डबा आणा. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त राहू नये. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात, त्यामुळे डेमो संपल्यावर बाजारहाट करत फिरायचं असेल तर डबा घेऊच नये.

पदार्थ त्याच आठवड्यात एकदा करा, आणि पहिल्या खेपेला आपली अक्कल न लावता सांगितला तसाच. वहीतल्या वेळांशेजारी घरच्या वेळा लिहा. फरक फार आला तर वही घेऊन गर्दी नसलेल्या वेळी दुकानात जा आणि थेट दाखवा: तुमचा कांदा २४ला बसला, माझा ४०ला. आच कमी की कांदा जास्त, हे करणारा माणूस बघताक्षणी सांगतो.