या चुका टाळा: लँडिंगच्या अप्रोचमध्ये उंची नेमकी कुठे चुकते

अल्टिमीटर मोजतो हवेचा दाब. त्या दाबावरून उंची काढताना तो तुम्ही लावलेल्या क्यूएनएचवर, म्हणजे त्या जागच्या समुद्रसपाटीच्या दाबाच्या आकड्यावर विसंबतो. समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) म्हणजे साधारण २८ फूट. क्यूएनएच खऱ्यापेक्षा जास्त लागला, तर काटा जास्त उंची दाखवतो आणि विमान प्रत्यक्षात तेवढं खाली असतं. ही दिशा पाठच असू द्या, कारण जिवावर बेतणारी चूक बहुतेकदा याच बाजूची असते.

चुकीचा क्यूएनएच

२३ मे २०२२ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एका ए-३२० विमानाला कंट्रोलरने १०११ क्यूएनएच दिला. खरा होता १००१. वैमानिकांनी ऐकला तो बिनचूक वाचून दाखवला आणि तसाच लावला. रनवेचं आयएलएस (जमिनीवरून रेडिओ लहरींनी उतरण्याची वाट दाखवणारी यंत्रणा) बंद असल्याने अप्रोच उपग्रहाधारित होता आणि त्यातली उतरण्याची रेषा अल्टिमीटरच्या दाबावरच बेतलेली होती. विमान २८० फूट खालून येत राहिलं. पावसात रनवे दिसेना म्हणून गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढले, तेव्हा रनवेच्या टोकाच्या ०.८ नॉटिकल मैल अलीकडे ते जमिनीपासून ६ फुटांवर आलं होतं.

इथे रीडबॅक (ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवणं) कामाला आला नाही, कारण मूळ आकडाच चुकीचा होता. कुठल्या अंतरावर किती उंची हवी हे सांगणारा तक्ताही उपयोगाचा नव्हता. ३ अंशांच्या उतारावर टोकापासून ४ नॉटिकल मैलांवर रनवेच्या वर साधारण १,३०० फूट हवेत. अशा अप्रोचमध्ये क्यूएनएच चुकला तरी काट्यावर तेच दिसतं, कारण रेषा आणि काटा दोन्ही एकाच चुकीच्या आकड्यावर चालतात. म्हणून पडताळा दाबाशी संबंध नसलेल्या साधनाकडूनच घ्यायला हवा.

पहिलं, क्यूएनएच दोन ठिकाणांहून घ्या: एटिसवरून (विमानतळाची ध्वनिमुद्रित हवामान-माहिती) आणि कंट्रोलरकडून. दोन्हींत २ हेक्टोपास्कलहून जास्त फरक दिसला की लगेच विचारा. पॅरिसला एटिसवर १००१च होता.

दुसरं, रेडिओ अल्टिमीटर वापरा; तो रेडिओ लहरींनी खालच्या जमिनीपासूनची उंची मोजतो. नकाशावर फायनलच्या (रनवेच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्याच्या) आधीची सपाट जागा हेरा, तिथे रेडिओ उंची किती यायला हवी ते ब्रीफिंगमध्येच बोला आणि तिथे पोचल्यावर मोठ्याने वाचा. डोंगराळ भागात, विशेषतः घाटाच्या कडेने येताना, हा आकडा उड्या मारतो. तिथे तो धरून बसू नका.

आयएलएस असेल तर काम सोपं आहे. ग्लाइड स्लोप, म्हणजे त्याची उतरण्याची रेषा, दाबावर चालत नाही, म्हणून त्यावर बसल्यावर ठरलेल्या बिंदूवर छापील उंची आणि काटा जुळला नाही, तर क्यूएनएच तपासा. ही तपासणी बरेच जण नुसती तोंडी उरकतात, पण आयएलएसवर चुकीचा क्यूएनएच पकडायची ही सर्वांत चांगली संधी असते.

एककाचा घोळ वेगळाच. ‘नऊ नऊ दोन’ ऐकून ९९२ हेक्टोपास्कलऐवजी २९.९२ इंच लावले, तर २१ हेक्टोपास्कलचा, म्हणजे जवळपास ६०० फुटांचा फरक पडतो. रीडबॅकमध्ये एककही उच्चारा.

चुकीचा नॉब, चुकीचा मोड

१४ फेब्रुवारी १९९०ला मुंबईहून बंगळुरूला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० रनवेच्या अलीकडे कोसळलं. १४६ पैकी ९२ जण गेले. चौकशीत निघालं ते असं: उतरण्याचा वेग मिनिटाला ७०० फूट लावायचा होता, बहुधा शेजारचा उंचीचा नॉब फिरला आणि ७०० फूट उंची लागली. तिथला रनवेच २,९०० फुटांच्या आसपास आहे. इंजिनं आयडलवर, म्हणजे किमान शक्तीवर गेली, वेग घटत गेला आणि ते उशिरा लक्षात आलं.

२० जानेवारी १९९२ला स्ट्रासबुर्गजवळ दुसरं ए-३२० डोंगरावर आदळलं, ९६ पैकी ८७ जण गेले. ३.३ अंशांचा उतार आणि मिनिटाला ३,३०० फूट हे दोन्ही नॉबजवळच्या आकड्याच्या खिडकीत ‘३३’सारखेच दिसत. सर्वांत संभाव्य कारण मोडची, म्हणजे आकडा कोनाचा की मिनिटाला फुटांचा याची, हीच गल्लत मानलं जातं.

यावर उपाय एकच: नॉब फिरवल्यावर हात आणि खिडकी दोन्ही सोडून मुख्य पडद्यावर उमटलेला मोड वाचा आणि सहवैमानिकाकडून तो वदवून घ्या. ३ अंशांच्या उतारावर १४० नॉट ग्राउंड स्पीडला मिनिटाला ७०० ते ७५० फूट एवढाच उतरण्याचा वेग लागतो. १,००० दिसले तरी कारण शोधा.

तापमान

मानक तापमानापेक्षा (अल्टिमीटर त्या उंचीसाठी गृहीत धरतो ते) दर १० अंश थंडीला, विमानतळाच्या वरच्या उंचीत सुमारे ४ टक्के चूक धरा. ३० अंश थंड असेल तर २,००० फुटांवर २४० फूट, आणि विमान दाखवतं त्याहून खाली. नागपूरच्या ४५ अंशांत उलट होतं: दाबावर आखलेला ३ अंशांचा उतार प्रत्यक्षात ३.३च्या आसपास जातो आणि विमानाचा वेग लवकर कमी होत नाही. स्पीडब्रेक आणि फ्लॅप्स लवकर घ्या.

शंका आली तर

१,००० फुटांखाली कारण शोधत बसू नका. रनवेशेजारचे उतार दाखवणारे चारही पीएपीआय दिवे लाल दिसले (म्हणजे विमान फार खाली आहे) किंवा एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) उंचीचा इशारा दिला, तर आधी गो-अराउंड घ्या. दुसऱ्या अप्रोचपूर्वी क्यूएनएच नव्याने मागा, आधी लावलेला गृहीत धरू नका. पॅरिसच्या त्या विमानात दुसऱ्या फेरीलाही १०११च लागलेला होता. रनवे दिसल्यावर वैमानिकांनी उंची सुधारली आणि मगच ते उतरलं.