वेल्डिंगमधून एनडीटीत जाताय? राजीनाम्याआधीची तयारी

एनडीटी म्हणजे जॉब न तोडता त्यातले डिफेक्ट शोधणारी तपासणी. वेल्डिंग सोडून तिच्यात जायचं तर सगळ्यात आधी डोळे तपासून घ्या. क्लासची फी, पुस्तकं, खोलीचं भाडं हे सगळं त्यानंतर. एनडीटीत कुठल्याही मेथडचं सर्टिफिकेट घ्यायचं तर बारीक अक्षर जवळून वाचता यावं लागतं. एसएनटी-टीसी-१ए (एनडीटी करणाऱ्यांच्या पात्रतेची अमेरिकन शिफारस) नुसार जेगर नंबर २ चं (जवळची नजर तपासायच्या तक्त्यावरचं) अक्षर साधारण ३० सेंटिमीटरवरून निदान एका डोळ्याने वाचता आलं पाहिजे, आणि ही चाचणी दरवर्षी द्यावी लागते. चष्मा चालतो. रंगांचा फरकही ओळखता यायला हवा, कारण डीपी टेस्टमध्ये (भेगेत रंग मुरवून ती उठून दाखवणारी तपासणी) पांढऱ्या डेव्हलपरवर उमटलेली लाल रेघ दिसली नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. आर्कसमोर दहा-पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने चष्म्याच्या दुकानात नंबर काढून भागत नाही. रात्री वेल्डिंग लागलं (आर्कच्या उजेडाने डोळे चुरचुरू लागले) की डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपणाऱ्यांपैकी तुम्ही असाल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, काय काम करता ते सांगा आणि मोतीबिंदूसाठीही तपासून घ्या. अडचण निघालीच तर आज पाचशे-हजार रुपयांत कळेल. क्लासचे पैसे भरून झाल्यावर तीच अडचण फार महाग पडते.

डोळे ठीक निघाले की एक जाड वही आणा. तुम्हाला जे येतं ते तिच्यात लिहून काढायचं आहे, कारण या लाइनमध्ये तुमचं भांडवल तेच. क्लासमध्ये तुमच्या शेजारी बसलेला बी.एस्सी. झालेला मुलगा लॅक ऑफ फ्युजन (वेल्ड मूळ धातूत नीट न मिसळणं) पुस्तकातल्या चित्रात बघतो. ते का होतं हे तुमच्या मनगटाला माहीत आहे. ७०१८ ची वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये न ठेवता उघड्या पाकिटातून वापरली की काय होतं, रूट गॅप (जोडाच्या तळाची फट) कमी ठेवून फिटर निघून गेला की पेनिट्रेशनचं काय होतं, सुपरवायझर घाई करतोय म्हणून स्लॅग (वेल्डवरची मळी) नीट न काढता पुढचा पास ओढला की फिल्मवर काय येतं, हे तुम्ही पाहिलंय आणि रिपेअरही केलंय. एका पानावर एक डिफेक्ट घ्या. त्याचं इंग्रजी नाव, शॉपमध्ये आपण त्याला काय म्हणतो, कशामुळे होतो, जॉइंटमध्ये कुठे सापडतो, रिपेअर कसा करतात, हे लिहा. शुद्धलेखनाकडे बघू नका. ही वही इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री कुठल्याही गाइडपेक्षा कामाला येते.

आता कागद, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. हातात कला आहे, पण ती सिद्ध करणारा कागद नाही. आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र, दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट समोर मांडा आणि चारही ठिकाणचं नाव अक्षर-अक्षर जुळवून बघा. एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे आडनाव आधी, तिसरीकडे एक 'ए' जास्त असं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करायला टाका. आखातातल्या नोकरीची कागदपत्रं तपासताना हीच एक अक्षराची चूक माणसाला दोन महिने घरी बसवते. आठवीवर आयटीआयला प्रवेश घेतला होता आणि दहावी राहूनच गेली, असे वेल्डर आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी आधी १७ नंबरचा फॉर्म भरून किंवा मुक्त विद्यालयातून दहावी करावी. वर्ष जाईल, जाऊ द्या. प्रशिक्षणाचे तास मोजताना आणि पुढच्या परीक्षांना शिक्षण विचारलं जातं. (जाता जाता: फिटर, मशिनिस्टसारखा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर केलेल्यांना डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट असते. वेल्डर एक वर्षाचा ट्रेड, म्हणून ती आपल्याला नाही.)

अनुभवाच्या दाखल्याचं दुखणं वेगळंच असतं. ठेकेदाराकडे सहा वर्षं काढली, पण लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्यायला तो तयार नाही, किंवा त्याचं ऑफिसच बंद झालं. अशा वेळी पीएफचं पासबुक काढा. यूएएनखाली कुठल्या कंपनीने किती महिने पैसे भरले ते त्यात दिसतं आणि दाखला नसला तरी पुरावा उभा राहतो. म्हणून नोकरी बदलताना जुना पीएफ काढून संपवू नका, ट्रान्सफर करा. दुसरा कागद म्हणजे तुमचा डब्ल्यूपीक्यू, वेल्डर टेस्टचा रेकॉर्ड. ६जी टेस्ट (तिरक्या, न फिरवता येणाऱ्या पाइपवरची वेल्डिंग परीक्षा) पास झालात तेव्हा क्यूसीने (क्वालिटी तपासणाऱ्या माणसाने) तुमच्या स्टॅम्प नंबरासकट जो फॉर्म भरला, त्याची झेरॉक्स वेल्डर सहसा मागतच नाही. मागा. आत्ता ज्या साइटवर आहात तिथल्या क्यूसीशी चहा पिताना मागा. नोकरी सोडल्यावर कोणी ओळख देत नाही.

गणिताला घाबरून यूटी (अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी तपासणी) टाळणारे बरेच भेटतात. खरंतर लागतं ते दहावीतलं त्रिकोणमितीचं एक प्रकरण. २० मिलिमीटरची प्लेट आहे, दोन्ही बाजूंना ३० अंशांचं बेव्हल (तिरकी कापलेली कड) असलेला व्ही जॉइंट आहे आणि तुमच्या हातात ६० अंशांचा प्रोब (ध्वनीचा बीम तिरका सोडणारा) आहे असं धरा. बीम प्लेटमध्ये तिरका उतरतो, खालच्या पृष्ठभागावर आपटतो आणि वर येतो. खाली पोहोचेपर्यंत तो २० भागिले कॉस ६०, म्हणजे ४० मिलिमीटर चालतो. पुन्हा वर येईपर्यंत ८०. स्क्रीनवर सिग्नल ६० वर उभा राहिला तर तो परतीच्या वाटेवरचा आहे. उभ्या दिशेने तो ६० गुणिले ०.५, म्हणजे ३० मिलिमीटर गेला: २० खाली आणि १० वर. म्हणजे डिफेक्ट वरच्या पृष्ठभागापासून १० मिलिमीटर खोल आहे. आडवं अंतर ६० गुणिले ०.८६६, साधारण ५२ मिलिमीटर. प्रोबच्या इंडेक्सपासून (बीम बाहेर पडतो त्या खुणेपासून) पट्टीने ५२ मोजा. ती जागा बेव्हलच्या रेषेवर पडत असेल तर तो बहुतेक साइड वॉलचा लॅक ऑफ फ्युजन आहे, आणि तुम्ही वेल्डर असल्याने तो कुठल्या पासला झाला असेल तेही तुम्हाला सांगता येईल. ६० चाच प्रोब का घेतला? कारण परतीचा बीम ३० अंशांच्या बेव्हलवर बरोबर काटकोनात आदळतो आणि सिग्नल ठसठशीत येतो. हे एक उदाहरण जाडी बदलून, ४५ आणि ७० चे प्रोब घेऊन कागदावर वीस-पंचवीस वेळा सोडवा. पाचवी-सहावीतल्या मुलीकडून दशांश चिन्हांचा गुणाकार समजून घ्यायला लागला तरी घ्या, त्यात कमीपणा नाही.

मेथड कुठली आधी घ्यायची यावर माझं मत पक्कं आहे: व्हिज्युअल (डोळ्यांनी तपासणी), डीपी आणि एमपीआय (चुंबक आणि लोखंडी भुकटीने तपासणी) एकत्र, मग कामाला लागून यूटी. पहिल्या तिघांना खर्च कमी आणि हात लवकर बसतो. कंपन्यांनाही पोरगा तिन्ही करणारा हवा असतो. पण पुढे पगार वाढतो तो यूटीने, आणि त्यानंतर फेज्ड ॲरे, टीओएफडीसारख्या तंत्रांनी. आरटीचा (रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी फिल्म काढणं) रस्ता निराळा आहे. तिथे इरिडियम-१९२ सारखा किरणोत्सारी सोर्स हाताळायचा असतो, म्हणून एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम लागतात, मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि परीक्षा लागते, अंगावर टीएलडी बॅज (शरीरावर पडलेले किरण मोजणारा) लागतो. कोणी म्हणालं की 'बॅज नंतर येईल, चार रात्री कॅमेरा सांभाळ' (कॅमेरा म्हणजे सोर्सची पेटी), तर त्या साइटवरून सरळ घरी या. फिल्म वाचायला शिकणं मात्र वेगळं. त्यासाठी सोर्सजवळ जावं लागत नाही आणि वेल्डरची नजर तिथे फार लवकर तयार होते.

क्लास निवडताना कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. एसएनटी-टीसी-१ए मध्ये प्रशिक्षणाचे तास सुचवलेले आहेत. (लेव्हल १ देखरेखीखाली तपासतो, लेव्हल २ स्वतः तपासून निकाल देतो, लेव्हल ३ पद्धत ठरवतो आणि शिकवतो.) डीपीला लेव्हल १ चे ४ आणि लेव्हल २ चे ८, एमपीआयला १२ आणि ८, व्हिज्युअलला ८ आणि १६, यूटी आणि आरटीला प्रत्येकी ४० आणि ४०. पाचही मेथड लेव्हल २ पर्यंत करायच्या तर बेरीज २१६ तास होते. रोज आठ तास बसलात तरी २७ दिवस. मग 'पाच मेथड, सात दिवस, शंभर टक्के नोकरी' या बोर्डाखाली नेमकं काय शिकवतात? परीक्षा तीन भागांची असते, जनरल, स्पेसिफिक आणि प्रॅक्टिकल. प्रत्येकात ७० टक्के आणि सरासरी ८० टक्के लागतात. प्रॅक्टिकलला मशीन किती आहेत, एका मशीनमागे किती मुलं, वेल्ड केलेले सॅम्पल खरे डिफेक्ट असलेले आहेत की नुसते भोकं पाडलेले ब्लॉक, हे जाऊन डोळ्यांनी बघा. शिकवणारा लेव्हल ३ स्वतः वर्गावर येतो की त्याची फक्त सही येते, तेही विचारा. आयएसएनटीचे (एनडीटीवाल्यांच्या भारतीय संस्थेचे) मुंबई आणि पुणे चॅप्टर आहेत, तिथे चौकशी केली तर निदान दिशाभूल होणार नाही.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. एसएनटी-टीसी-१ए च्या पद्धतीत सर्टिफिकेट देणारा तुमचा मालक असतो, क्लास नव्हे. प्रत्येक कंपनीची रिटन प्रॅक्टिस (लेखी नियमावली) असते आणि तिच्यानुसार कंपनी तुम्हाला लेव्हल २ ठरवते. क्लासचा कागद म्हणजे प्रशिक्षण झालं आणि परीक्षा पास झालात याचा पुरावा. नोकरी बदललीत की नवी कंपनी पुन्हा परीक्षा घेऊ शकते, बहुधा घेतेच. शिवाय अनुभवाचे तास लागतात: डीपीला लेव्हल १ साठी ७० आणि लेव्हल २ साठी आणखी १४०, यूटीला २१० आणि आणखी ६३०. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तासांची नोंद ठेवा: तारीख, साइट, मेथड, काय तपासलं, किती तास, आणि शेवटी लेव्हल २ ची सही. सही त्याच आठवड्यात घ्या. सहा महिन्यांनी तो माणूस कुठल्या तरी रिफायनरीच्या शटडाऊनला (प्लांट बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीला) गेलेला असतो आणि फोन उचलत नाही.

घरखर्चाचा हिशेब बायकोसमोर बसून करा, मनातल्या मनात नको. शटडाऊनला ओव्हरटाइमसकट कमावणाऱ्या पाइप वेल्डरची कमाई सोडून तुम्ही हेल्पर-टेक्निशियन म्हणून रुजू होणार. पहिलं वर्ष पगार खाली येऊ शकतो, आणि येतोच असं धरून चाला. निदान सहा महिन्यांचा किराणा, भाडं, शाळेची फी आणि गावाकडे पाठवायचे पैसे बाजूला असल्याशिवाय राजीनामा नको. गाडीचा हप्ता चालू असेल तर आधी तो संपवा. क्लाससाठी सोनं गहाण टाकायला माझा विरोध आहे. त्यापेक्षा एक शटडाऊन जास्त मारा. शनिवार-रविवारी व्हिज्युअल आणि डीपी करून बघा. त्यातच जमलं नाही, मन लागलं नाही, तर नुकसान थोडक्यात आटपेल.

इंग्रजी बोलण्याचं टेन्शन घेऊ नका, लिहिण्याचं घ्या. इन्स्पेक्टरचं अर्धं काम रिपोर्ट असतं. ड्रॉइंग नंबर, जॉइंट नंबर, वेल्डर स्टॅम्प, प्रोसीजर, मशीनची कॅलिब्रेशन तारीख, डिफेक्टची लांबी, जागा, खोली, स्वीकारलं की नाकारलं. वाक्यं ठरावीक असतात. जुने रिपोर्ट मिळाले तर रोज एक हाताने उतरवून काढा, मग तोच एक्सेलमध्ये टाइप करा. कीबोर्डवर एका बोटाने टाइप करणारा वेल्डर रात्री नऊपर्यंत रिपोर्ट करत बसतो आणि बाकीचे बसमध्ये त्याची वाट बघतात.

मनाची तयारीही यादीत घ्या. ज्यांच्याबरोबर एकाच डब्यातली भाकरी खाल्ली त्यांचेच जॉइंट तुम्हाला तपासायचे आहेत. कोणीतरी येऊन म्हणेल, 'भाऊ, एवढा शॉट सोड ना, परत ग्राइंडिंगला उभं राहायला लावतील.' ठेकेदार म्हणेल, तू तर आपलाच माणूस. उत्तर आधीच ठरवून ठेवा आणि ते छोटं असू द्या: 'दादा, कोडमध्ये बसत नाही.' वाद घालू नका, उपदेशही करू नका. त्याऐवजी रिपेअरची जागा चॉकने अशी नेमकी आखून द्या की त्याला मिलिमीटरभरही जास्त खोदावं लागणार नाही. वेल्डरने केलेली मार्किंग वेल्डरला लगेच ओळखू येते.

राहिलं एकच. होल्डर कायमचा खाली ठेवू नका. एएसएमई सेक्शन ९ (वेल्डरच्या पात्रतेचा अमेरिकन कोड) प्रमाणे सहा महिने एखाद्या प्रोसेसने वेल्डिंग केलं नाही तर त्या प्रोसेसची क्वालिफिकेशन संपते. नव्या जागी अधूनमधून टेस्ट पीस किंवा छोटा जॉब करू देतील का ते रुजू होतानाच विचारा, आणि केलात तर क्यूसीच्या कंटिन्युइटी रेकॉर्डमध्ये तुमचा स्टॅम्प नंबर चढलाय ना ते बघा. एनडीटीत कामं सीझनप्रमाणे येतात-जातात, आणि हातात जिवंत ६जी असलेला लेव्हल २ टेक्निशियन सहसा घरी बसत नाही.