सकाळची प्रार्थना: आधी आभार, मग मागणे

सकाळी प्रार्थनेला बसणारे बहुतेक जण मागण्यापासूनच सुरुवात करतात, आणि दोन मिनिटांत मागण्या संपल्या की पुढे काय बोलावे ते सुचत नाही. म्हणून क्रम बदलून पाहावा: प्रथम आभार, नंतर वचन (बायबलमधला उतारा वाचणे), त्यानंतर पापकबुली आणि सर्वांत शेवटी विनंत्या.

वेळ व जागा आदल्या रात्रीच ठरवावी. प्रभू येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याचे बायबलमध्ये मार्क १:३५ मध्ये आहे. नागपुरात मेअखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत पावणेसातनंतर. तेव्हा वर्षभर एकच वेळ धरून बसण्यापेक्षा उन्हाळ्यात ऊन तापण्याआधी गच्चीवर आणि थंडीत थोडे उशिरा घरात बसणे अधिक टिकते. सुरुवातीला पंधरा मिनिटे पुरेत. बायबल शक्यतो छापील घ्यावे, कारण मोबाइल हातात असला की वचनाआधी व्हॉट्सॲप उघडले जाते.

आभार मानणे हा यातला खरा कस लागणारा भाग आहे. "देवा, सर्व आशीर्वादांबद्दल तुझे आभार" हे वाक्य चुकीचे नाही, पण ते मनात काहीही नसताना म्हणता येते. त्याऐवजी कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत आठवावा आणि जे मिळाले त्याचे नाव घ्यावे: आईचा ताप उतरून तिने अर्धी पोळी खाल्ली; सीताबर्डीच्या बाजारातून परतताना भर पावसात एक ऑटोवाला थांबला; ज्याच्याशी अबोला होता त्या भावाचा फोन आला. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील स्तोत्र १०३ चा कर्ता हेच करतो. 'त्याचे उपकार विसरू नको' असे तो आपल्याच जिवाला बजावतो आणि लगेच क्षमा, आरोग्य, सुटका असे एकेक उपकार मोजू लागतो.

काही सकाळी आभाराचा शब्द फुटत नाही. घरात आजारपण असते, नोकरी गेलेली असते. अशा दिवशी ओढूनताणून आनंद दाखवू नये. स्तोत्र १३ वाचावे. ते 'कुठवर' या तक्रारीने सुरू होते आणि अवघ्या सहा वचनांत देवाच्या उपकारांच्या गीतापर्यंत पोहोचते.

वचनासाठी रोज एक स्तोत्र घेतले तरी दीडशे स्तोत्रे पाच महिन्यांत पूर्ण होतात. पापकबुली थोडक्यात, पण स्पष्ट असावी.

प्रार्थना छापील म्हणावी की उत्स्फूर्त, हा वाद मला अनाठायी वाटतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात सहा मंडळ्या (ख्रिस्ती पंथांची चर्चे) एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा उपासनाविधी पुस्तकातून चालवणारे अँग्लिकन आणि मोकळेपणाने प्रार्थना करणारे बाप्टिस्ट एकाच मंडळीत आले. घरीही दोन्ही चालावे: आभार व विनंत्या स्वतःच्या शब्दांत, आणि शेवटी येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना सर्वांनी मिळून.

विनंत्यांसाठी एक साधी वही ठेवावी. डाव्या पानावर नाव, विनंती व तारीख लिहावी आणि उजवे पान कोरे सोडावे. उत्तर मिळाले की तिथे तारीख घालावी आणि दुसऱ्या दिवशी आभार मानायला बसताना आधी तेच पान उघडावे.